भोंग्याची बॅटरी

चाचांना शांतता सोसत नसे. भिवंडीत राहून शांततेबद्दल तक्रार करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. नारपोलीतल्या आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना पॉवरलूमचे कारखाने होते आणि ते रात्रंदिवस खटखटत. नवा राहायला आलेला माणूस सुरुवातीला डोकं धरून बसे, मग हळूहळू त्याला तो आवाज ऐकू येईनासा होई. चाचांचं उलट होतं. त्यांना तो आवाज हवा असायचा. "आवाज हाय तवर समजायचं, माणसं हायत," असं ते म्हणत.

शुक्रवारी लूम बंद असत. त्या दिवशी नमाज आटोपला की चाचा रिक्षा करून खारबावच्या स्टेशनावर जाऊन बसत. कोणाला आणायला नाही की पोचवायला नाही. त्या लायनीवर तेव्हा गाड्या मोजक्याच. एखादी मालगाडी धडधडत गेली की उठून परत येत. मी विचारलं, "काय चाचा, आज मिळाली का गाडी?" तर म्हणत, "मिळाली. लांबलचक होती." चेहऱ्यावर असं समाधान, की जणू त्या गाडीतून त्यांचाच माल गेला.

ते आमचे घरमालक. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांचं खरं नाव मी फक्त विजेच्या बिलावर वाचलं. मी एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ चढवण्याच्या कारखान्यात, सुपरवायझर होतो. नवीन लग्न झालेलं. त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या आम्हाला भाड्याने मिळाल्या. खाली चाचा एकटे. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगी महाडला दिलेली, मुलगा सौदीला. घराला लागूनच त्यांचा कारखाना होता. मुलाला त्यात रस नव्हता आणि एकट्याने रेटवेना, तेव्हा त्यांनी तो विकून टाकला. विकला तरी रोज सकाळी त्याच्या दारात उभं राहून कामगारांवर ओरडत, "अरे, तीन नंबर का धागा देख!" नवा मालक समजूतदार होता. कामगारही "हां सेठ" म्हणून तीन नंबरकडे बघितल्यासारखं करत.

ओरडत म्हणजे रागावत नसत. उभा जन्म लूमच्या आवाजात गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू येई आणि ते सगळंच मोठ्याने बोलत. त्यांचं गुपितसुद्धा गल्लीच्या टोकाला ऐकू जाई. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात त्यांनी मला जिन्याखाली ओढून, कानाशी तोंड आणून विचारलं, "बायको भांडते का रे?" वरून बायकोचं हसणं ऐकू आलं. चाचा म्हणाले, "हसते हाय. मंग बरी हाय."

चहा ते स्वतः करायचे, भरपूर गवती चहा घालून. करायचे तो पातेलंभर. एकट्यासाठी एवढा कशाला, असं मी एकदा विचारलं. "एकट्यापुरता न्हाय येत मला. माप चुकतं," म्हणाले. मग तो दिवसभर गार होत जाई आणि ते तसाच घोट घोट पीत राहत. मी कामावर जाताना बोलावत. "सुपरवायझर, चहा?" मी घड्याळ दाखवायचो. हे दाखवणं मला आता आठवतं. तेव्हा ते लक्षातही येत नसे.

तर असं हे घर. आणि या घराला चोराचा भोंगा होता.

मुलगा एकदा सुट्टीवर आला तेव्हा सौदीहून घेऊन आला. दाराखिडक्यांना लोहचुंबकाचे तुकडे, आत एक डबा आणि बाहेरच्या भिंतीवर, नेमका आमच्या खिडकीखाली, पांढरी पेटी. तिच्यावर लाल दिवा. सगळे त्याला भोंगाच म्हणत. आमच्या गल्लीत तेव्हा कोणाकडे टेलिफोनही नव्हता, त्यामुळे पुढे महिनाभर लोक पेटी बघायला येत. आत चोरण्यासारखं काही नव्हतं. एक खाट, एक लोखंडी कपाट, शिवणयंत्र, भांडी. समोरचा पानवाला उत्तर प्रदेशातला, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "चाचा, चोर आया तो बेचारा कुछ रख के ही जाएगा."

"आने तो दे," चाचा म्हणाले.

चोर काही आला नाही. पहिली दोनेक वर्षं भोंगा गप्प राहिला. मग पेटीच्या आतली बॅटरी म्हातारी झाली आणि खरी गंमत सुरू झाली. त्या भोंग्याची रचना अशी होती, की वीज गेली की तो आपल्या बॅटरीवर चाले. बॅटरी दमदार असली तर गपचूप राखण करी. पण ती थकलेली असली, तर थोड्या वेळाने त्याला वाटे की कोणीतरी तारच कापली, आणि उरल्यासुरल्या जिवावर तो ओरडायला लागे.

पहिल्यांदा ओरडला तो एका संध्याकाळी. वीज गेली, गल्लीतले सगळे लूम एका दमात थांबले. भिवंडीत वीज जाते तेव्हा अंधारापेक्षा ती शांतता आधी जाणवते. कानात काहीतरी रिकामं झाल्यासारखं वाटतं. त्या शांततेत भोंगा सुरू झाला, मान धरलेल्या बकऱ्यासारखा. पानवाला हातात सुपारीचा अडकित्ता घेऊन धावला. शेजारची तेलुगू मावशी, जी घरी बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची, ती कांड्यांची टोपली कमरेवर तशीच घेऊन आली. कारखान्यांतले कामगार आले. मी वरून खाली उतरलो. चाचा दारात कंदील घेऊन उभे होते, आधीपासून वाट बघत असल्यासारखे.

"चोर कुठे आहे?"

"गेला वाटतं. या, या. आत या. बसा."

आणि पातेलंभर चहा संपला.

मग ते नेहमीचंच झालं. वीज जाई, लूम थांबत, भोंगा ओरडे, माणसं येत. चोर नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पण भोंगा वाजला की जायचं, न जाणं बरं दिसत नाही, असं गल्लीने आपोआप ठरवलं होतं. एरवी लूम सोडून कामगाराला उठता येत नाही. मावशीच्या कांड्या थांबल्या तर लूम थांबतो. वीज गेली की सगळ्यांचेच हात रिकामे. म्हणजे विजेने वेळ दिला आणि भोंग्याने निमित्त. मला हे इतकं सरळ दिसायला फार उशीर झाला.

पानवाला आल्या आल्या सुरू व्हायचा. "चाचा, आपका चोर बिजली ऑफिस में नौकरी करता है क्या? लाइट जाते ही आता है."

"उसको भी अंधेरे में डर लगता है. इसलिए मेरे पास आता है."

"पकड़ के रखिए एक दिन. हम भी देखें."

"पकड़ूंगा तो आएगा कैसे?"

मावशी आपल्या मराठीत म्हणायची, "चाचा, साखर जास्ती झाला." चाचा म्हणायचे, "ऐकू न्हाय आला," आणि आणखी अर्धा ग्लास ओतायचे. वीज आली, लूम धडधडायला लागले, की माणसं ग्लास ठेवून पळत. चाचा रिकामे ग्लास गोळा करत आणि गुणगुणत. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचं गुणगुणणं. ते सूर धरून नसे, पण खुशीत असे.

त्याच सुमारास आम्हाला मुलगी झाली. भोंगा आमच्या खिडकीखाली. तो सुरू झाला की तान्ही पोर दचकून निळी पडेपर्यंत रडे. बायको तिला छातीशी धरून खोलीभर फिरे. दोनदा सोसलं, तिसऱ्यांदा म्हणाली, "अहो, त्या भोंग्याचं काहीतरी करा. नाहीतर मी माहेरी जाते."

मी चाचांना सांगितलं. ते लगेच म्हणाले, "बॅटरी बदलायला पाहिजे. पोरानं पाठवलीय नवी. कपाटात हाय."

"मग द्या ना, मी बसवतो."

"बसवू रे. सावकाश."

मग सुरू झाली कारणं. आज पाय दुखतो. आज शुक्रवार, मी खारबावला चाललो. शिडी न्हाय. किल्ली कुठं ठेवलीय ते आठवत न्हाय. पेटी उघडण्याआधी एका छोट्या किल्लीने भोंगा बंद करावा लागे, नाहीतर झाकण काढल्याबरोबर तो ओरडे. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची चालढकल. मी सायझिंगमध्ये चार माणसांकडून कामं करवून घेणारा माणूस. एका रविवारी मी कारखान्यातून शिडीच उचलून आणली.

"चाचा, किल्ली."

त्यांनी किल्ली दिली. कपाटातून बॅटरी काढून दिली. प्लास्टिकची पिशवीही फोडलेली नव्हती. ती येऊन किती दिवस झाले होते कोण जाणे, वरती धूळ होती. ते शिडी धरून उभे राहिले. मी किल्ली फिरवली, झाकण काढलं, जुनी बॅटरी सोडवली. ती फुगली होती. नवी बसवली, लाल तार लालला, काळी काळीला. झाकण लावून किल्ली परत फिरवली.

मला तेव्हा कळलं नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही. शिडीवरून मी एकदा खाली पाहिलं होतं. चाचांची मान वर होती आणि ते माझ्या हातांकडे बघत होते. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर घरची माणसं बघतात, तसे. क्षणभर माझा हात थांबला. मग वरून मुलीचा आवाज आला आणि मी स्क्रू पिळला.

खाली उतरून मी मेन स्विच बंद केला. आम्ही दोघं उभे राहिलो. भोंगा गप्प. आणखी थांबलो. गप्पच.

"बघा!" मी म्हणालो. "हूं की चूं नाही."

"हां," चाचा म्हणाले. "आता न्हाय ओरडत." आणि शिडी तशीच सोडून आत गेले.

बायकोने त्या दिवशी गोडाचा शिरा केला. चाचांना वाटीभर दिला. त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "झोपू दे बेटी तिला. झोपू दे."

त्यानंतर वीज जात राहिली, भोंगा गप्प राहिला. लोक आपापल्या दारात बसून वारा घेत. चाचा त्यांच्या दारात. मधे पाचपंचवीस पावलांची गल्ली. पण जायचं कशाला? आधी जावं लागत होतं, आता जावं लागत नव्हतं. पानवाला लांबूनच हात करी. मग तेही कमी झालं. एकदा मी कामावरून आलो तर चाचा पेटीकडे बघत उभे होते.

"चालू हाय ना रे तो?"

"चालू आहे चाचा. लाल दिवा दिसतोय ना?"

"एकदा वाजवून बघू या का?"

"नको हो, पोर झोपलीय."

"बरोबर हाय," म्हणाले. पुन्हा कधी विचारलं नाही.

बायकोच्या आधी लक्षात आलं. एका संध्याकाळी गॅलरीतून खाली बघत ती म्हणाली, "अहो, पातेलं बघितलंत? ते अजून तेवढाच चहा करतात. गटारात ओततात." मी कठड्यावरून वाकून पाहिलं. ती म्हणाली, "मीच तुमच्या मागे लागले होते." मी म्हणालो, "बसवली मी."

पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा मी खाली गेलो. चाचा अंधारात बसले होते. मला बघून उठले.

"काय झाला? पोर बरी हाय ना?"

"बरी आहे. सहज आलो."

"भाड्याचा काही?"

"नाही हो. सहज. म्हटलं चहा घेऊ."

त्यांनी कंदील लावला, माझ्या तोंडासमोर धरला आणि बघत राहिले. मला तो उजेड सहन होईना. मी नजर वळवली. तेवढ्यावरून त्यांना सगळं समजलं असणार.

"मी आजारी न्हाय," ते म्हणाले. एरवीसारखे ओरडून नाही, हळू. त्यांना इतकं हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. "भोंगा वाजला तर ये. तुला कामं असतील."

चहा दिला त्यांनी. कपबशीतून दिला, पाहुण्याला देतात तसा. मी तो घाईने पिऊन वर आलो. त्यानंतर मी गेलो नाही. मला वाटायचं, मी गेलो तर त्यांना कमीपणा वाटेल. हे कारणही होतं आणि सोयही होती. जिना उतरायचं माझ्या जिवावर यायचं, हे जास्त खरं. अशी दोन वर्षं गेली. एका घरात, वर आणि खाली.

मग चाचांची मुलगी महाडहून आली आणि ठरवून गेली. वडिलांना एकटं ठेवायचं नाही. घर शेजारच्या कारखानदाराने मागितलंच होतं. आम्हाला दुसरी जागा बघायला चाचांनी भरपूर मुदत दिली. मला बोलावून म्हणाले, "शनिवारी सकाळी जाणार. गल्लीत सांगू नको कुणाला. लोकं उगाच कामं टाकून येतात, त्यांना बरा वाटत न्हाय, आपल्याला बरा वाटत न्हाय."

"बरं."

"एक काम कर. तो भोंगा काढून दे. पोरानं आणलेला हाय, मागे न्हाय टाकायचा. शुक्रवारी दुपारी ये. नमाज झाल्यावर."

शुक्रवारी लूम बंद. गल्ली चिडीचूप. मी शिडी लावली. चाचा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते.

"किल्ली द्या चाचा."

"सामानात गेली वाटतं."

"किल्लीशिवाय काढला तर ओरडेल तो."

"ओरडला तर ओरडू दे. काढ तू."

मी सगळे स्क्रू सैल केले आणि पेटी भिंतीवरून सुटताच भोंगा सुरू झाला. नवी बॅटरी. तो काही बकऱ्यासारखा रडला नाही. असा कडाडला, की मी एका हाताने शिडी घट्ट धरली. पेटी छातीशी धरून मी वळलो तेव्हा उघड्या दारातून आतलं दिसलं. बांधलेलं सामान भिंतीला लावलेलं, आणि खाटेवर चादर पसरून तिच्यावर घरातले सगळे ग्लास धुऊन उपडे मांडलेले.

चाचा गल्लीकडे बघत होते.

गल्लीत माणसं दारात आली होती. खिडक्यांतून डोकावत होती. मावशीही बाहेर आली होती. पण पुढे कोणी येईना. आणि का, ते मला शिडीवरूनच दिसत होतं. भरदुपारी सुपरवायझर शिडीवर चढून भोंग्याचं काहीतरी काम करतोय. त्यात धावून जाण्यासारखं काय आहे? माझ्याकडे बघून ते निर्धास्त होत होते. पानवाल्याने कानावर हात ठेवून मला खूण केली, बंद कर बाबा, आणि परत पानाला चुना लावायला लागला. मावशी आत वळली.

मी खाली उतरलो. ओरडणारी पेटी पायरीवर ठेवली आणि गल्ली ओलांडून पानवाल्यासमोर उभा राहिलो.

"चलो," मी ओरडलो.

"कहां?"

"चाचा के घर. भोंगा बज रहा है."

"वो तो तुम्हीं बजा रहे हो, भाईसाब."

"फिर भी चलो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे, दारात उभ्या असलेल्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे. चुन्याचं बोट फडक्याला पुसलं.

"चोर कौन है?"

"मैं," मी म्हणालो.

तो हसला नाही. फळीवरून खाली उतरला, माझी कॉलर धरली आणि तोंड वर करून असा ओरडला की भोंग्यावरून ऐकू गेलं, "अरे आओ रे! चाचा का चोर पकड़ा गया!"

मग मात्र गल्ली आली. मावशी आली, कामगार आले, नव्या मालकाचा मुकादम आला. मुलीला कडेवर घेऊन बायको खाली आली. मुलीने कानांवर हात ठेवले होते, पण ती रडत नव्हती. पानवाल्याने मला कॉलरीला धरून चाचांसमोर उभं केलं.

"लो चाचा. हम कब से कह रहे थे, पकड़ के दिखाओ. देख लो."

चाचांनी मला वरून खाली न्याहाळलं. "आत घ्या त्याला," म्हणाले, "बसवा. पळून जाईल."

सगळे हसले. चाचा ग्लास भरायला लागले. भोंगा पायरीवर ओरडतच होता. तो बंद करणारी किल्ली सामानात होती आणि ती शोधायचं कोणाच्या मनात आलं नाही. हातात ग्लास आले. मावशी साखरेबद्दल काहीतरी म्हणाली. आणि मग तिला कोपऱ्यातल्या दोरीने बांधलेल्या ट्रंका दिसल्या. तिने हाताने विचारलं, हे काय?

चाचा काहीतरी बोलले.

"काय? ऐकू नाय आला!" मावशी ओरडली.

"चाललो!" चाचा म्हणाले.

"क्या बोले?" मागून कोणीतरी विचारलं.

चाचांनी चहाचं पातेलं खाली ठेवलं, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि जोर लावून ओरडले, "चाललो मी! उद्या! महाडला, पोरीकडे! कायमचा!"

या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं. पानवाल्याचा हात अजून माझ्या कॉलरीवर होता. तो त्याने तेव्हा सोडला.